मोडलेली गाडी त्याच संध्याकाळी धावली पाहिजे

(कोल्हापुरात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. पुढच्या रांगेत उद्यमनगरातले काका लोक बसलेत. लहानपणी त्यांच्याच लेथखालचा लोखंडाचा कीस मी गोळा करत फिरायचे. मागं दहावी-अकरावीची मुलं आहेत. मुलांना गाडी कधी हातात मिळतेय याची घाई, आणि काकांच्या मनात एकच प्रश्न की फाउंड्रीवाल्याच्या पोरीनं एवढी शेड भाड्यानं घेऊन त्यात खेळण्यातल्या गाड्या कशासाठी पळवाव्यात.

त्या प्रश्नापासूनच सुरू करते. रंकाळ्यावर रिमोटची गाडी मिळते ती मोडली की टाकून द्यायची. ट्रॅकवर पळते त्या गाडीचा प्रत्येक भाग सुटा मिळतो. चाक धरणारा दांडा, म्हणजे आर्म, तुटला, आर्म बदला. चाक वळवणाऱ्या छोट्या मोटरचे, सर्व्होचे, दात गेले, तेवढे दात बदला. स्टिअरिंगही तसंच. खेळण्यातली गाडी एकतर पूर्ण वळते नाहीतर वळतच नाही. हिचं चाक मात्र तुम्ही रिमोटवर बोट जितकं फिरवाल तितकंच वळतं. म्हणून ती चालवायला शिकावी लागते, आणि शिकताना ती मोडतेच. या गाड्यांच्या शर्यतीचा ट्रॅक काढायचा ठरवला तेव्हा मी वहीच्या पहिल्या पानावर एक वाक्य लिहिलं होतं: मोडलेली गाडी त्याच संध्याकाळी पुन्हा धावली पाहिजे. जागा, मोजमाप, भिंती, टेबलं, सामान, सगळं पुढं त्या वाक्यावरूनच ठरत गेलं.

हा खेळ छपराखाली कसा शिरला ते थोडक्यात सांगते. १९७६ साली जपानच्या तामिया कंपनीनं १:१२ मापाची, म्हणजे खऱ्या गाडीच्या बाराव्या हिश्श्याएवढी, विजेवर चालणारी पोर्शे ९३४ बाजारात आणली आणि रिमोटच्या गाड्या सामान्य माणसाच्या हातात आल्या. अमेरिकेच्या उत्तर भागात हिवाळ्यात बाहेर बर्फ. मग लोकांनी हॉलमध्ये गालिचा अंथरला आणि त्यावर शर्यती लावल्या. क्लीव्हलंडला थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत अशी गालिच्यावरची मोठी स्पर्धा कित्येक दशकं भरत आली आहे. त्यांना बर्फानं आत नेलं, आपल्याला पाऊस नेतो. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत कोल्हापुरात मोकळ्या मैदानावर ट्रॅक काढणं म्हणजे चार महिने कुलूप. म्हणून छप्पर हवंच होतं.

आता जागेचं सांगते, कारण इथं सगळ्यात जास्त चुका होतात आणि त्या सगळ्यात महागात पडतात. मी पाच शेड बघितल्या. पहिली स्वस्त होती, रस्त्याला लागून होती, मालक भला माणूस. शेजारच्या पानपट्टीवाल्याला विचारलं, "एकोणीसला पाणी कुठवर आलं होतं?" त्यानं शटरवर छातीच्या उंचीला हात लावून दाखवला. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै, दोन्ही वेळा शिरोलीजवळ हायवे बंद पडलेला आपण सगळ्यांनी पाहिलाय. पंचगंगेच्या बाजूला काहीही भाड्यानं घेताना पाण्याची खूण आधी बघा, भाड्याचं नंतर बोला.

दुसरी शेड गोकुळ शिरगावला, उंचावर, सगळं छान. पण भिंतीला भिंत लागून फाउंड्री. आमचं घरच फाउंड्रीवर चाललंय, तेव्हा फाउंड्रीला मी नावं ठेवणार नाही. पण ती बारीक काळी वाळू हवेतून येते आणि बेअरिंगमध्ये बसते. ग्राइंडिंगचा लोखंडी चुरा त्याहून वाईट. या गाड्यांच्या मोटरमध्ये लोहचुंबक असतो, तो चुरा ओढून घेतो. महिन्याभरात मोटर घासायला लागते. ती शेड सोडताना वाईट वाटलं, पण सोडली.

शेवटी जी मिळाली ती ४० बाय ६० फुटांची, वर ट्रस, म्हणजे छप्पर पेलणारा लोखंडी सांगाडा, मध्ये एकही खांब नाही. खांब नसणं फार महत्त्वाचं. खांबामागं गाडी अर्धा सेकंद दिसेनाशी झाली तरी चालवणाऱ्याचा अंदाज सुटतो आणि पुढच्या वळणावर ती भिंतीत जाते. ताबा घेण्याआधी मी फरशीची ओल तपासली. याला यंत्र लागत नाही. दीड फूट बाय दीड फूट जाड प्लास्टिकचा कागद घ्या, चारही कडा टेपनं फरशीला घट्ट चिकटवा, रात्रभर ठेवा. सकाळी आतून दव धरलं किंवा कागदाखालची फरशी काळपट झाली, तर जमिनीतून ओल वर येतेय. आमच्या एका कोपऱ्यात ती आली. त्या कोपऱ्यात ट्रॅक नेलाच नाही, तिथं चपला काढायची जागा केली. गालिचा तिथवर ओढला असता तर पहिल्याच पावसात त्याला बुरशी धरली असती.

मग प्रश्न आला गाडीच्या मापाचा. आणि इथं काका लोकांना आवडेल असा हिशेब आहे. १:१० मापाची गाडी साधारण १.४ किलोची. ती ताशी ४० किलोमीटरनं भिंतीला धडकली, तर धडकेत साधारण ८६ ज्यूल ऊर्जा असते. म्हणजे एक किलोचं माप जवळपास नऊ मीटर उंचीवरून, तिसऱ्या मजल्यावरून सोडल्यासारखं. १:२८ ची गाडी, जपानच्या क्योशो कंपनीनं १९९९ साली मिनी-झेड नावानं आणली त्या जातीची, १७० ग्रॅमच्या आसपास भरते. ती ताशी २० नं धडकली तर अडीच ज्यूलच्या थोडं वर. तेच एक किलोचं माप वीतभरापेक्षा थोडं जास्त उंचीवरून पडल्यासारखं. तेहेतीस पट फरक! एक गाडी आर्म तोडून बाहेर येते, दुसरी उलटी होते, कुणीतरी सरळ करतं आणि ती पुन्हा पळते.

माझ्या भावाला १:१० हवी होती. खरं सांगायचं तर मलाही. आवाज, वेग, बॉडीचं रूप, सगळं तिच्यात आहे. पण नवशिका मुलगा पहिल्या अर्ध्या तासात वीस वेळा धडकणार, आणि त्यात त्याची गाडी मेली तर तो परत येणार नाही. म्हणून सुरुवात छोट्या गाड्यांनी केली. त्यांच्यासाठी १० मीटर बाय ५ मीटर पुरतं, रस्त्याची रुंदी एक मीटरच्या आत-बाहेर. शिवाय त्या चार ट्रिपल-ए सेलवर चालतात, त्यामुळं बॅटरीच्या आगीची धास्ती फारशी राहत नाही. मोठ्या गाड्यांचा गालिचा वर्षभरानं आला. त्यातही सगळ्यांना एकच मोटर, एकच टायर असा नियम ठेवला. महागडी मोटर आणणारा जिंकतोय असं दिसलं की बाकीची मुलं हळूच यायची थांबतात.

आराखडा मी आधी कागदावर काढला आणि तो सपशेल चुकला. सगळ्यात लांब सरळ रस्ता मी चालक उभे राहतात त्या मंचाकडे तोंड करून संपवला होता. दिसायला भारी. पण गाडी आपल्याकडे येत असते तेव्हा डावं-उजवं उलटं होतं. तिचं डावं ते आपलं उजवं. नवशिक्याची गफलत नेमकी तिथं होते. म्हणजे मी त्याला सगळ्यात जास्त वेगात, सगळ्यात जास्त गोंधळाच्या क्षणी, सगळ्यात कठीण वळणावर आणून सोडत होते. पहिल्या चाचणीत त्या एका कोपऱ्यात गाड्यांचा ढीग झाला. मग कागद बाजूला ठेवला. सुतळी आणि खडू घेऊन फरशीवरच काढला. लांब रस्ता मंचाला समांतर नेला, त्याच्या शेवटी ऐसपैस वळण दिलं, आणि गाडी समोर येते ते तुकडे आखूड आणि हळू ठेवले. तेव्हापासून नवीन आराखडा आधी सुतळीवर चालून बघते. चालता चालता मी रिमोट हातात धरल्यासारखा अंगठा फिरवते, आणि अंगठा अडखळला की तिथं काहीतरी चुकलंय हे कळतं.

कडेला लाकडी पट्टी लावायचा मोह होतो, कारण ती स्वस्त आणि सरळ असते. तिनं गाडी तुटते. आम्ही लवचिक पाइप लावला. गाडी धडकली की तो थोडा सरकतो आणि धक्का पोटात घेतो. दर शर्यतीनंतर तो जागेवर आणावा लागतो, पण ते पाच मिनिटांचं काम आहे. गालिच्याची एक गंमत आहे. दिवसभर गाड्या पळाल्या की टायरचं रबर त्यात बसतं आणि पकड वाढत जाते. सकाळी घसरणारी गाडी संध्याकाळी त्याच वळणावर दोन चाकांवर उचलून पलटी होते. मुलांना वाटतं गाडी बिघडली. बिघडलेलं काही नसतं, पकड जास्त झालेली असते. गाडीची जमिनीपासूनची उंची कमी करायची, टायर थोडा कडक घ्यायचा. हे शिकवायला मला फार आवडतं, कारण इथं मुलगा पहिल्यांदा गाडीच्या खालच्या बाजूकडे बघतो.

आता टेबलांविषयी. मी शेडचा जवळपास तिसरा हिस्सा टेबलांना दिला, तेव्हा सगळे म्हणाले जागा वाया घालवलीस. वीस टेबलं. प्रत्येकावर एक दिवा, एक प्लग, गाडी ठेवायला स्टँड आणि खाली रबरी चटई, म्हणजे पडलेला दीड मिलिमीटरचा स्क्रू उडून जात नाही. विजेचा हिशेब असा: चार्जर १०० वॅट, सोल्डरिंग आयर्न ६० वॅट, म्हणजे टेबलाला १६० आणि वीस टेबलांना ३२०० वॅट. वर ट्रॅकचे दिवे आणि पंखे. तरी लाइनमनला मी सहा किलोवॅटचा भार सांगितला आणि टेबलांसाठी वेगळी लाइन, वेगळा एमसीबी घेतला. कुणाच्या आयर्ननं फ्यूज उडाला म्हणून शर्यत चालू असताना ट्रॅकवर अंधार होता कामा नये.

मोठ्या गाड्यांच्या लिपो, म्हणजे लिथियम-पॉलिमर, बॅटरीबद्दल मी कडक आहे. एका सेलला ४.२ व्होल्टच्या वर नाही. ५००० मिलिअँपिअर-अवरच्या बॅटरीला ५ अँपिअरनंच चार्जिंग. चार्जिंग लावून चहाला जायचं नाही, टेबलाशीच बसायचं. घरी नेऊन ठेवायची असेल तर सेल ३.८ व्होल्टच्या आसपास आणून ठेवायची. फुगलेली बॅटरी दारातच माझ्याकडे द्यायची. प्रत्येक ओळीच्या टोकाला वाळूची बादली आणि पत्र्याचा डबा आहे. हे नियम मोडले म्हणून मी दोन जणांना घरी पाठवलंय. एक माझा सख्खा मामेभाऊ होता.

वेळ मोजायला गाडीत छोटा ट्रान्सपाँडर बसतो. गालिच्याखाली तारेचा लूप असतो, त्यावरून गाडी गेली की तिचा क्रमांक आणि वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत पडद्यावर येते. पूर्वीच्या रिमोटला फ्रिक्वेन्सी ठरवणारे क्रिस्टल बदलावे लागायचे. दोघांची फ्रिक्वेन्सी जुळली की एकाच्या हातात दुसऱ्याची गाडी जायची. आता २.४ गिगाहर्ट्झमुळं रिमोट आणि गाडीची जोडी स्वतःच जुळते, तो त्रास संपला.

पहिला रविवार श्रावणातला होता. पत्र्यावर पाऊस इतका की शर्यतीची घोषणा ऐकू येईना. अकरा मुलं आली. शर्यत पाच मिनिटांची, त्यात गाडी उलटली की ट्रॅकच्या कडेला उभी असलेली मुलं, आम्ही त्यांना मार्शल म्हणतो, ती सरळ करतात. आधीच्या शर्यतीत जो धावला तो पुढच्या शर्यतीत मार्शल. हा नियम आम्ही कधीही सोडला नाही. मार्शल झाल्यावर मुलगा बघतो की गाड्या नेमक्या कुठं पलटी होतात, आणि पुढच्या वेळी तिथं हळू जातो.

पण पहिल्या तीन महिन्यांत मला एक मुलगा गमवावा लागला आणि ते अजून टोचतं. त्याच्या वडिलांनी परदेशी बनावटीची एक गाडी हौसेनं आणली होती. तिच्या मागच्या हबची खीळ तुटली. ज्या दुकानातून ती घेतली त्यांच्याकडे सुटा भाग नव्हता. बाहेरून मागवला तर कस्टममध्ये अडकला, सहा आठवडे गेले. तोवर मुलगा क्रिकेटला गेला. त्यानंतर मी ठरवलं, ज्या गाडीचे भाग माझ्या कपाटात नाहीत ती गाडी मी कुणाला सुचवणार नाही. तामियाच्या टीटी-०२ या गाडीला ५ बाय ११ बाय ४ मिलिमीटर मापाचं बेअरिंग लागतं, ते मी बरणीभर ठेवते. आर्म, नकल, पिनियन, बॉडी क्लिप, सगळं लेबल लावून.

आणि खिळीचं काय झालं? पुढच्या रांगेतल्या एका काकांकडे मी ती घेऊन गेले. त्यांनी व्हर्नियर लावला, ३ मिलिमीटरची सिल्व्हर स्टीलची सळी उचलली, दहा मिनिटांत नवी खीळ करून माझ्या हातावर ठेवली. मूळ खिळीपेक्षा सरस. मी त्यांच्याकडे सहा आठवडे आधी का गेले नाही, असं त्यांनी मला विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या आठवड्यापासून शनिवारी दुपारी ते ट्रॅकवर येतात, शेवटच्या टेबलावर बसतात. मुलं रांग लावतात. मागच्या महिन्यात नववीतल्या एका मुलीनं त्यांच्याकडून हातानं सोल्डर करायला शिकून स्वतःच्या मोटरच्या तीनही वायरी बदलल्या आणि तासाभरात शर्यतीत उतरली. तिचा आठवा नंबर आला. पण तिच्या वहीत त्या दिवशीचे लॅप लिहिलेले आहेत, प्रत्येक लॅप आधीच्यापेक्षा किती कमी झाला ते.

बरं, मुलांनो, आता उठा. टेबलावर दोन गाड्या ठेवल्यात. एकीच्या मागच्या डाव्या चाकाचं बेअरिंग मी मुद्दाम खराब बसवलंय. चाक बोटानं फिरवा, कानाजवळ धरा आणि कुठली ते सांगा. स्क्रूड्रायव्हर डाव्या बाजूला आहेत, आणि नवं बेअरिंग काकांच्या खिशात.