दुभाष्याचा आवाज

श्रोतेहो, नमस्कार.

मी आत्ता ज्या रेडिओवरून तुमच्याशी बोलतोय, तसाच एक रेडिओ ऐकला म्हणून एरिक लोमॅक्स यांचे दोन्ही हात मोडले गेले होते.

लोमॅक्स ब्रिटिश सैन्याच्या सिग्नल विभागातले अधिकारी. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडलं आणि ते जपान्यांचे युद्धकैदी झाले. पुढे सयाम-ब्रह्मदेश रेल्वे, म्हणजे आजच्या थायलंडमधून ब्रह्मदेशात जाणारी, जपान्यांनी बांधून घेतलेली. ४१५ किलोमीटरचा मार्ग, जेमतेम वर्षभरात उभा केलेला. ६०,०००हून अधिक युद्धकैदी तिथे राबले, १२,०००हून अधिक मेले. आशियाई मजूर त्याहून कितीतरी जास्त दगावले. त्यांत मलायातले तमिळ पुष्कळ होते, आणि त्यांची साधी नोंदही कुणी नीट ठेवली नाही. दैव तरी पाहा, लोमॅक्सना लहानपणापासून आगगाड्यांचं वेड!

थायलंडमधल्या कांचनाबुरीच्या छावणीत कैद्यांनी चोरून रेडिओ बनवला होता. त्या रेल्वेवरच्या कैद्यांच्या अशा रेडिओंवर दिल्लीच्या ऑल इंडिया रेडिओच्या बातम्याही ऐकल्या जात. १९४३ मध्ये कांचनाबुरीचा हा रेडिओ जपान्यांना सापडला. मारहाणीत दोन अधिकारी जागीच गेले. लोमॅक्स वाचले, मग लष्करी पोलिसांची चौकशी सुरू झाली, नाकातोंडात पाणी सोडून. मारणाऱ्यांची भाषा त्यांना येत नव्हती. कळत होता तो फक्त दुभाष्याचा आवाज. पुढची कित्येक वर्षं त्यांनी मनात द्वेष जपला तो या आवाजाचा.

युद्ध संपलं, घरी परतले, तर आई वारलेली. रात्री दुःस्वप्नं, दिवसा अबोला. आपण किती सहज म्हणतो, झालं गेलं गंगेला मिळालं! समोरच्याचं तोंड बंद करायला याहून सोयीचं वाक्य नसेल. या दुखण्याला वैद्यकाच्या पुस्तकात अधिकृत नाव मिळालं तेच मुळी १९८० मध्ये. त्यानंतर काही वर्षांनी हेलन बँबर यांच्या संस्थेत, छळ सोसलेल्यांसाठी काढलेल्या, लोमॅक्स यांचं म्हणणं कुणीतरी घाई न करता ऐकून घेतलं. मला विचाराल तर खरी सुरुवात तिथे झाली. क्षमा फार नंतरची गोष्ट.

मग वर्तमानपत्राच्या एका कात्रणातून तो दुभाषी सापडला. नागासे ताकाशी. युद्ध संपताच दोस्त राष्ट्रांच्या पथकाबरोबर रेल्वेकाठची थडगी शोधत फिरताना ते आतून हलले होते. पुढे प्रायश्चित्त म्हणून पुन्हापुन्हा थायलंडला येत राहिले, तिथे एक मंदिर बांधलं. हे वाचून लोमॅक्स विरघळले, असं वाटेल तुम्हाला. छे! त्यांच्या डोक्यात सूडच होता. नागासेंना पहिलं पत्र लिहिलं ते लोमॅक्स यांच्या पत्नीने.

मार्च १९९३ मध्ये दोघे कांचनाबुरीत भेटले. नागासे वाकले, थरथरत माफी मागू लागले. बोलणं इंग्रजीत झालं, दुभाषी लागला नाही. पण त्या भेटीतही लोमॅक्सनी 'क्षमा केली' हे शब्द उच्चारले नाहीत, आणि नागासेंनीही घाई केली नाही. पुढे लोमॅक्स जपानला गेले. टोकियोत, हॉटेलच्या खोलीत, दोघेच असताना त्यांनी नागासेंच्या हातात एक पत्र ठेवलं. १९४३ साली जे झालं ते विसरता येणार नाही, हे त्यात होतं. आणि तुम्हाला मी पूर्ण क्षमा केली आहे, हेही.