छप्पर नसलेली खोली

(बेळगावातल्या एका व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

१९६३ साली मी नऊ वर्षांचा होतो. २३ नोव्हेंबर, शनिवार, सकाळची शाळा. अमेरिकेतल्या डॅलस शहरात शुक्रवारी दुपारी साडेबाराला राष्ट्राध्यक्ष केनेडींवर गोळ्या सुटल्या तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र होती, त्यामुळे खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात बातमी पोचली ती उजाडल्यावर, रेडिओवरून. प्रार्थना संपली आणि गुरुजी म्हणाले, बसू नका. केनेडी आम्हांला दोनच गोष्टींमुळे ठाऊक. एक, न्हाव्याच्या दुकानात नेहरूंच्या शेजारी लावलेली तसबीर. दुसरी, शाळेत मोठ्या पातेल्यात ढवळून मिळणारं पावडरचं दूध. ते त्यांच्या देशातून येतं असं सांगितलेलं. त्या दिवशीही दूध मिळालं, पण रांगेत कुणी ढकलाढकली केली नाही. पुढं मी आयुष्यभर इतिहास शिकवला. ती सकाळ डोक्यातून गेली नाही.

आपल्याकडे घरात मयत झालं की कुणाला काही सांगावं लागत नाही. एक जण बांबू आणायला जातो, एक मडकं, एक पाहुण्यांना कळवायला. रडणारे रडत असतात आणि कामं होत असतात. राष्ट्राचं तसं नसतं. तिथं कुणीतरी ठरवावं लागतं, आणि त्या तीन दिवसांत ते ठरवलं एका चौतीस वर्षांच्या बाईनं, केनेडींच्या पत्नीनं. जॅकलिन केनेडींनी सांगितलं, लिंकनच्या वेळी जसं झालं तसं करा. लिंकनवर गोळी झाडली गेली १४ एप्रिल १८६५ला, म्हणजे अठ्ठ्याण्णव वर्षांपूर्वी. तेव्हाचं आठवणारं कोण असणार! मग त्याच रात्री अमेरिकी संसदेच्या, म्हणजे तिथल्या काँग्रेसच्या, ग्रंथालयात माणसं टॉर्च घेऊन शिरली आणि जुनी वर्तमानपत्रं, जुनी चित्रं शोधून काढली. कुठं काळं कापड टांगलं होतं, किती रुंद, कशा चुण्या. लिंकनची शवपेटी ज्या लाकडी चौथऱ्यावर ठेवली होती तोच चौथरा बाहेर काढला आणि कॅपिटॉलच्या, म्हणजे तिथल्या संसदभवनाच्या, घुमटाखाली मांडला. सुमारे अडीच लाख लोक त्याच्यासमोरून गेले, रात्रभर, थंडीत रांग लावून.

दुःखाला रीत लागते असं मी म्हणतो ते यासाठी. रीत नसली की माणूस हात कुठं ठेवू हेच विसरतो.

२५ तारखेला अंत्ययात्रा निघाली. तिच्यात एक घोडा होता, ब्लॅक जॅक नावाचा, काळा. खोगीर चढवलेलं, स्वार नाही, आणि रिकिबीत उंच बूट उलटे अडकवलेले, टाचा पुढं आणि चवडे मागं. गेलेला सेनापती शेवटचं वळून आपल्या सैन्याकडं बघतो, असा त्याचा अर्थ सांगतात. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा थांबलो. स्मशानातून परतताना आपल्याला बजावलेलं असतं, मागं वळून बघायचं नाही. जिवंतांनी मागं बघायचं नाही ही आपली रीत. मेलेल्यानं मागं बघावं ही त्यांची. दोन्हींत सुटत नाही ती ओढच आहे. आणि तो घोडा शांत नव्हता बरं का. सगळी मिरवणूक संथ चाललेली आणि हा मान झटकतोय, खूर आपटतोय, धरणाऱ्या सैनिकाला आवरत नाही. दफनाच्या वेळी बिगूल वाजवणाऱ्याचाही सहावा सूर फुटला. त्या दिवशी केनेडींच्या मुलाचा तिसरा वाढदिवस होता. त्यानं शवपेटीला केलेला सलाम तुम्ही सगळ्यांनी फोटोत पाहिलाय, त्यावर मी जास्त बोलत नाही.

मला बोलायचंय ते क्लिफ्टन पोलार्डविषयी. आर्लिंग्टनच्या दफनभूमीत खड्डे खणणारा माणूस, मजुरी ताशी ३ डॉलर १ सेंट. रविवारी सुट्टी मोडून त्यानं केनेडींची कबर खणली. आणि सोमवारी सगळं जग तिथं लोटलं तेव्हा तो त्याच दफनभूमीत पलीकडं दुसऱ्या कुणासाठी खणत होता. गर्दीमुळं त्याला जवळ जाता आलं नाही. राष्ट्राचा शोक म्हणतात तो अशा माणसाच्या फावड्यावर उभा असतो.

अमेरिकेत चार राष्ट्राध्यक्षांचे खून झाले. मधले दोघे, १८८१ साली गारफील्ड आणि १९०१ साली मॅकिन्ली. मॅकिन्लींच्या दफनाच्या वेळी देशभर आगगाड्या पाच मिनिटं जागच्या जागी थांबल्या होत्या. आज त्यांची नावं परीक्षेपुरती उरली आहेत. तेव्हा नुसतं मोठं रडणं टिकत नाही. लिंकन टिकला कारण ज्या कामापायी तो मेला ते काळ्या लोकांच्या बरोबरीचं काम अपुरं राहिलं, आणि प्रत्येक पिढीला त्याच्या पायरीशी परत यावं लागलं. १९६३च्याच ऑगस्टमध्ये मार्टिन ल्यूथर किंग बोलले ते लिंकनच्या स्मारकाच्या पायऱ्यांवरूनच.

आता डॅलसकडं येऊ या. माझा खरा विषय हाच आहे.

देशाचं सुतक तीस दिवसांत फिटलं, झेंडे पुन्हा वर गेले. डॅलसचं फिटेना. ज्याच्यावर खुनाचा आरोप होता तो ऑस्वाल्ड काही डॅलसचा नव्हता, जन्म न्यू ऑर्लिन्सचा. पण शहराला लोक 'द्वेषाचं शहर' म्हणू लागले. आणि म्हणायला थोडी जागाही होती. महिनाभर आधी याच शहरात संयुक्त राष्ट्रांतले अमेरिकेचे राजदूत अ‍ॅडलाय स्टीव्हन्सन यांच्यावर लोक थुंकले होते, एका बाईनं फलक डोक्यात मारला होता. केनेडींच्या खुनानंतर दोन दिवसांनी तर ऑस्वाल्डलाही पोलिसांच्या मधोमध, टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर मारलं गेलं. जिथून गोळी सुटली ते पुस्तकांचं गोदाम पाडून टाका, असं गावातलेच लोक म्हणत होते. डोळ्यांसमोर नको. पण ते पाडलं नाही. त्या सहाव्या मजल्यावर लोकांना नेऊन काय घडलं ते दाखवायला १९८९ साल उजाडलं. सव्वीस वर्षं! आणि शहरानं स्वतः, अधिकृतपणे, त्या जागी स्मृतिदिन पाळला तो थेट २०१३ साली, पन्नासाव्या वर्षी.

मधे एक गोष्ट मात्र गावकऱ्यांनी केली. वर्गणी काढून १९७०मध्ये स्मारक बांधलं. काय बांधलं? पुतळा नाही. तीस फूट उंचीच्या पांढऱ्या काँक्रीटच्या भिंतींची एक चौकोनी खोली, वर छप्पर नाही. आत ग्रॅनाइटचा एक बुटका चौथरा, त्यावर केनेडींचं नाव. बाकी काही नाही. आत गेलं की रस्ता दिसत नाही, वर नुसतं आभाळ. मला वाटतं ज्या गावाला बोलायला तोंड राहिलं नाही त्या गावानं याहून खरं काही बांधलं नसतं.

हे मी बेळगावात का सांगतोय ते आता सांगतो.

इथं येताना मी टिळकवाडीतून, वीरसौधावरून आलो. तिथली काँग्रेस विहीर तुम्ही रोज बघता. डिसेंबर १९२४मध्ये अधिवेशनाला आलेल्या लोकांना पाणी पुरावं म्हणून ती खणली. गंगाधरराव देशपांड्यांनी सगळा भार उचलला होता. गांधीजी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले, ते इथं, या गावात. त्याच वर्षीच्या जानेवारीत पुण्याच्या ससून रुग्णालयात त्यांच्या अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली होती. मध्येच दिवे गेले आणि कंदिलाच्या उजेडात ती पुरी केली. पुण्यानं वाचवलेला माणूस बेळगावात अध्यक्ष झाला. चोवीस वर्षांनी त्याच पुण्यात वर्तमानपत्र चालवणाऱ्या, आपलीच भाषा बोलणाऱ्या माणसानं त्याला मारलं.

देशानं काय केलं ते आपल्याला माहीत आहे. अस्थी दिल्लीहून अलाहाबादला नेल्या त्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यांच्या गाडीनं, कारण तो माणूस तिसऱ्या वर्गानं फिरायचा. ३० जानेवारीला सकाळी अकरा वाजता अजूनही दोन मिनिटं उभं राहतात. बेळगावात तर जानेवारीत हुतात्मा दिन दोनदा येतो, १७ला आपला, सीमालढ्यातल्या १९५६च्या गोळीबारातल्यांचा, आणि ३०ला देशाचा. तारखा पाळणं या गावाला शिकवावं लागत नाही. पण ४८चं जे दुसरं घडलं त्याची तारीख कुणी पाळत नाही. कोल्हापूर, सांगली, सातारा भागात ब्राह्मणांची घरं पेटली. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. मारेकऱ्याच्या जातीची होती एवढाच त्या घरांचा गुन्हा. अहिंसेच्या माणसाचा शोक लोकांनी रॉकेल ओतून केला. जळालेल्यांनी ते सांगितलं नाही, कारण सांगायला गेलं तर 'तुमच्यातल्यानंच मारलं ना' हे ऐकावं लागे. जाळणाऱ्यांनीही सांगितलं नाही. अशी आपलीही एक डॅलस आहे, आणि तिचा सहावा मजला अजून उघडलेला नाही.

माझ्या आत्याचं सासर कोल्हापूरकडचं. त्या फेब्रुवारीत ती दोन मुलं आणि एक तांब्याचं घंगाळ घेऊन रात्रीतून आमच्याकडं आली. बाकी घर गेलं. घंगाळाची एक बाजू काळी पडली होती, चिंच-मीठ लावून कितीही घासलं तरी निघेना. आम्हां मुलांना सांगितलं होतं, चुलीवर राहिलं म्हणून काळं झालं. घंगाळ चुलीवर ठेवत नाहीत हे आम्हांला कळायला हवं होतं. आणि हीच आत्या दर वर्षी ३० जानेवारीला उपास धरायची. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "आज गांधी गेले रे. जेवायचं कसं?" पुढं एक अक्षर नाही. ज्यांच्या नावानं तिचं घर जाळलं त्यांच्यासाठी ती उपाशी राहायची, आणि यात तिला काही विपरीत वाटत नव्हतं.

जॅकलिन केनेडींनी त्या दिवशी घातलेला गुलाबी पोशाख, नवऱ्याच्या रक्ताचे डाग असलेला, त्यांनी दिवसभर बदलला नाही. तो आजही न धुता अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ठेवलाय. २१०३ सालापर्यंत तो कुणाला दाखवायचा नाही असं ठरलंय.

आत्या गेल्यावर घंगाळ माझ्याकडं आलं. मागच्या दिवाळीला सूनबाई म्हणाली, बाबा, तांबटाकडं देऊ का, हल्ली मशीनवर अगदी नव्यासारखं करून देतात. मी तिला खाली बसवलं आणि आत्या कोल्हापूरहून कशी आली ते सांगितलं. घरात हे मोठ्यानं बोलण्याची ती पहिलीच वेळ. माझा नातू दहा वर्षांचा आहे, तो दारात उभा राहून ऐकत होता. सांगून झाल्यावर तो घंगाळाजवळ गेला आणि काळ्या बाजूवर हात ठेवून म्हणाला, "आजोबा, हे गार लागतंय."