मेणबत्ती, सूप आणि कॅमेरा

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी सातच्या सुमारास वीज गेली. आईनं फळीवरून मेणबत्ती काढली, वाटीत दोन थेंब मेण पाडून ती उभी केली आणि सूप पुढ्यात ओढून तांदूळ निवडायला बसली. तिच्या चष्म्याच्या काचेत एवढीशी ज्योत दिसत होती. सुपातल्या दाण्यांना सोनेरी कड आली होती आणि मागचं सगळं स्वयंपाकघर काळोखात बुडालं होतं. मी कॅमेरा आणला, बटण दाबलं आणि फ्लॅश उडाला. फोटोत आई आली, फ्रिज आला, भिंतीवरचं कॅलेंडरही आलं. मेणबत्तीसुद्धा होती, पण फोटोतला उजेड काही तिचा नव्हता.

त्या रात्रीपासून मला मेणबत्तीच्या उजेडात फोटो काढायचा नाद लागला.

तेव्हा सगळ्यात आधी फ्लॅश बंद. माझ्याकडे ५० मिलिमीटरची, एफ १.८ ची, म्हणजे भरपूर उजेड आत घेणारी साधी लेन्स आहे. तिचं भोक पूर्ण उघडायचं, आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची कॅमेऱ्याची संवेदनशीलता, ८०० ठेवायची आणि शटर सेकंदाच्या तिसाव्या भागाच्या आसपास उघडं ठेवायचं. एवढ्या वेळात हात हलतोच, म्हणून कॅमेरा डब्यावर नाहीतर पुस्तकांच्या चळतीवर टेकवायचा. मोबाइल असेल तर नाइट मोड बंद करा, पडद्यावर चेहऱ्याला बोट लावा आणि उजेडाची खूण थोडी खाली ओढा. नाइट मोड काळोख उजळून टाकतो, आणि आपल्याला तर तो काळोख हवाच असतो.

खरी गंमत अंतरात आहे. मेणबत्तीपासून एक वीत लांब असलेला चेहरा दोन वितींवर नेला, तर त्याच्यावरचा उजेड निम्मा होत नाही, चौथाई होतो. तीन वितींवर नववा हिस्सा. म्हणून माणसाला ज्योतीजवळ बसवा, मागची भिंत आपोआप काळोखात जाते. ज्योत चेहऱ्याच्या बरोबर खाली नको, डोळ्यांखाली भेसूर सावल्या पडतात. हनुवटीच्या पातळीवर आणि जरा एका बाजूला असू द्या. दुसरा गाल फारच काळा पडत असेल तर त्या बाजूला पांढरा कागद किंवा धुतलेला पंचा धरा. मी दुसरी मेणबत्ती तांब्यामागे लपवूनही पाहिली. सावल्या छान मऊ होतात. पदर, केस आणि पडदा मात्र लांब ठेवा.

हे सगळं एका चित्रात आधीच दिसतं. सावंतवाडीचे चित्रकार सावळाराम हळदणकर यांनी १९४५ च्या सुमारास त्यांची कन्या गीता हिला दिवा हातात देऊन उभं केलं. म्हैसूरच्या जगन्मोहन पॅलेसमध्ये ते चित्र आहे. पुष्कळ लोक ते राजा रविवर्म्याचं समजतात. तिनं ज्योतीपुढे तळवा आडवा धरलाय. ज्योत आपल्याला दिसत नाही, दिसतात ती उजेडानं लालसर झालेली बोटं आणि उजळलेला चेहरा. आणि हे सगळं जलरंगात! मी कितीतरी वेळा मेणबत्तीपुढे असाच हात धरून फोटो काढले. ज्योत झाकली की कॅमेऱ्याला चेहरा नीट टिपता येतो, नाहीतर ज्योतीचा नुसता पांढरा ठिपका होतो.

आता रंग. उजेड किती पिवळा किंवा निळसर ते रंगतापमानाच्या आकड्यात, केल्व्हिनमध्ये सांगतात; आकडा जितका कमी तितका उजेड पिवळा. दुपारच्या उन्हाचं रंगतापमान साधारण साडेपाच हजार केल्व्हिन, मेणबत्तीचं एकोणीसशेच्या आसपास. कॅमेऱ्यातली रंगाची सोय, म्हणजे व्हाइट बॅलन्स, ऑटोवर असली की कॅमेरा पिवळेपणा धुऊन काढायला बघतो, आणि ती उन्हाच्या खुणेवर ठेवली तर सगळं भगवं होतं. मी अडीच ते तीन हजारांच्या मध्ये थांबतो. त्वचा त्वचेसारखी दिसते आणि ऊबही राहते. हा पिवळेपणा येतो कुठून? ज्योतीत तापून झळाळणाऱ्या काजळीच्या कणांतून. आजी ज्योतीवर वाटी पालथी धरून काजळ धरायची ना, तीच ही काजळी. वातीच्या बुडाशी ज्योत निळसर दिसते, कारण तिथं काजळी अजून धरलेली नसते.

वीज गेलेली असली की पंखा बंद असतो, हा मोठाच फायदा. एरवी तो आठवणीनं बंद करा, वात लांबली असेल तर खुडा आणि ज्योत स्थिर होईपर्यंत थांबा. या थांबण्यात माणूसही कॅमेरा विसरतो आणि आपल्या कामाला लागतो.

परवा पुन्हा वीज गेली. आई सूप घेऊन बसली, मी डब्यावर कॅमेरा टेकवला. तीन-चार फोटो झाले असतील नसतील, तोच लख्खकन ट्यूब लागली. आई मेणबत्ती मालवायला पुढे झाली.

"राहू दे गं आई," म्हणत मी ट्यूब बंद केली.

"अरे, तांदूळ झाले निवडून."

"मग डाळ घे."

तिनं उठून डाळीचा डबा काढला.