रडला होता का जी?

(दृश्य: धानोरा तालुका. बांधीत भाताची रोवणी चालू. मागे टोल्याची, म्हणजे छोट्या वस्तीची, कौलं, त्यामागे जंगल.)

निवेदन: गडचिरोली. १९८२ साली चंद्रपूरमधून वेगळा झालेला जिल्हा. इथल्या एखाद्या टोल्यावर बारशाआधीच बाळ दगावलं, तर त्याची नोंद कोण करतं? मुंबईतल्या धोरणाची सुरुवात या नोंदीपासून व्हायला हवी. बरीच वर्षं ती होत नव्हती.

(दृश्य: ओसरी. आरोग्यदूत बाईंच्या मांडीवर फॉर्म. समोर आजी.)

निवेदन: आरोग्यदूत, म्हणजे गावात आरोग्याचं काम करायला शिकवलेल्या बाई, याच गावच्या. आधी तारीख विचारतात. आजी तारीख सांगत नाहीत. मग पोळ्याच्या आधी की नंतर? रोवणी आटोपली होती का? असं करत करत महिना सापडतो, पुढे आठवडाही सापडतो. त्यानंतर येतो खरा प्रश्न.

(दृश्य: बाईंचा चेहरा. मूळ आवाज ठेवावा: ‘लेकरू रडला होता का जी?’)

निवेदन: बाळ रडलं असेल, एकदा जरी श्वास घेतला असेल, हातपाय हलवले असतील, तर ते जिवंत जन्मलं आणि मग गेलं. तसं काहीच झालं नसेल, तर तो मृतजन्म. फॉर्मवर दोन वेगळे रकाने आहेत. पहिल्या दिवशी गेलेलं बाळ दुसऱ्या रकान्यात टाकलं, की बालमृत्यूचा आकडा बसल्या जागी खाली येतो. औषध नको, डॉक्टर नको.

काही बाळं तर कुठल्याच रकान्यात नसतात. पहिलं बाळंतपण माहेरी. बाळ तिथेच गेलं. सासरचं गाव म्हणतं, जन्म आमच्याकडे नाही. माहेरचं गाव म्हणतं, लेक आता परगावची.

(दृश्य: जुनी रजिस्टरं, पानं उलटणारा हात. ‘सर्च’ संस्थेच्या शोधग्राम या आवाराचं प्रवेशद्वार.)

निवेदन: डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ साली गडचिरोलीत आले. त्यांच्या ‘सर्च’ संस्थेनं दवाखान्याइतकंच महत्त्व या मोजणीला दिलं. गावातल्या माणसानं जन्म आणि मृत्यू लिहायचे, आणि पुन्हा वेगळ्या माणसांनी घरोघर जाऊन ते पडताळायचे. दोन्हींत फरक निघाला तर परत त्या घरी जायचं. कंटाळवाणं काम आहे. पण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

(दृश्य: अगदी जवळून: वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. पलीकडे आईच्या मांडीवर झोपलेलं बाळ.)

निवेदन: हे यंत्र इथेच तयार झालं. ज्या सुईणीला शंभरपर्यंत मोजता येत नाही, तिच्यासाठी. वाळू एक मिनिट पडते. बाळाचं पोट वर-खाली होताना पाहायचं, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर श्वास वेगात आहे, न्यूमोनियाची शंका घ्यायची. बाळ रडत असेल किंवा दूध पीत असेल तर मोजायचं नाही, थांबायचं. ही थांबण्याची शिस्त शिकवायला मणी शिकवण्यापेक्षा जास्त वेळ जातो.

गावातच न्यूमोनिया ओळखून औषध देण्याच्या प्रयोगाचे निष्कर्ष १९९० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. तरीही बाळं जात होती, आणि जास्त करून पहिल्या महिन्यातच.

(दृश्य: स्प्रिंगचा वजनकाटा, कापडी झोळी. रिकामी झोळी अडकवून काटा शून्यावर आणणारी बोटं.)

निवेदन: म्हणून १९९५-९६ मध्ये ३९ गावांतली ७६३ नवजात बाळं घरी जाऊन तपासली. वजन, काखेतलं तापमान, श्वास, दूध ओढणं, नाळ. आधी रिकामी झोळी, काटा शून्यावर, मग बाळ. निम्म्याहून जास्त बाळांना उपचाराची गरज होती. ते मिळाले शंभरात तिघांनाही नाही. गाडी नाही, पैसे नाहीत, आणि ओल्या बाळंतिणीनं घराबाहेर पडायचं नाही. दवाखाना बाळापर्यंत येणार नसेल, तर उपचार घरी न्यायचे, हा निर्णय या नोंदींतून निघाला.

(दृश्य: प्रशिक्षण. कापडी बाहुली, बायकांचा घोळका, हशा.)

निवेदन: पाचवी ते दहावी शिकलेल्या बायका. बाळ ऊबदार ठेवणं, श्वास सुरू करून देणं, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखणं, गरज पडली तर इंजेक्शन. तेव्हा भल्याभल्यांना हे धाडस वाटलं होतं. त्यांनी यातलं एक प्रशिक्षण पाहायला हवं होतं.

तिसऱ्या वर्षापर्यंत, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानानं, नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली तेही ‘लॅन्सेट’मध्ये आलं.

(दृश्य: वर्तमानपत्रांची कात्रणं. मेळघाटातला घाटरस्ता, पाऊस.)

निवेदन: इकडे दर पावसाळ्यात मेळघाटातल्या चिखलदरा-धारणीतून बालमृत्यूंच्या बातम्या येत, आकड्यांवरून भांडणं होत. २००१ मध्ये १३ संस्थांनी आपापल्या भागातले मृत्यू मोजून ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल मांडला. राज्यात वर्षाला सुमारे १ लाख ७५ हजार बालमृत्यू, असा अंदाज. सरकारी वहीत याहून कितीतरी कमी होते. मग समिती बसली, २००५ साली माता-बालकांच्या आरोग्य आणि पोषणासाठी राज्याचं राजमाता जिजाऊ मिशन आलं. २०११ पासून नवजात बाळाची घरच्या घरी काळजी देशभरातल्या आशांच्या, म्हणजे सरकारी योजनेतल्या गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्यांच्या, कामात आली.

(दृश्य: अंगणवाडी. सेविकेच्या हातात मोबाइल, काट्यावर बाळ.)

निवेदन: आता पोषण ट्रॅकर हे अंगणवाड्यांचं मोबाइल अ‍ॅप आहे. वजन भरलं की दिल्लीत दिसतं. पण काटा शून्यावर आणला नसेल, तर दिल्लीला चूकच दिसते, फक्त लवकर दिसते. बैठकीत पडद्यावरचा आलेख पाहणाऱ्यानं तो काटा एकदा तरी हातात धरावा.

(दृश्य: आशाताईंचा गृहभेटीचा फॉर्म, टिक केलेले चौकोन.)

निवेदन: दवाखान्यात बाळंतपण झालं तर सहा भेटी, घरी झालं तर सात. शेवटची बेचाळिसाव्या दिवशी. सगळ्या मिळून मानधन २५० रुपये, तेही जन्माची नोंदणी आणि वजनाची नोंद झाली असेल तर. हा दर ठरवताना कोणी किती घरं चालून पाहिली, त्याचा मात्र अहवाल नाही.