टिटवीचं घर कुठंय?

(सोलापुरात अंगणवाडी ताई आणि प्राथमिक शिक्षकांपुढे केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

ताईंनो, सरांनो, आपण सगळ्यांनीच लहानपणी हे घोकलंय: गाईचा गोठा, घोड्याचा तबेला, कोंबडीचं खुराडं, वाघाची गुहा, मुंग्यांचं वारूळ. बालवाडीतली मुलं आजही तालावर म्हणतात. पण यातली पहिली तीन घरं माणसानं बांधलेली. वारूळ बांधते वाळवी, आणि नाग तिथं नंतर शिरतो. आणि बाभळीला लोंबणारा सुगरणीचा खोपा? तो पाळणा आहे. पिल्लं उडून गेली की खोपा रिकामा.

मग घर कुठलं? जिथं खायला मिळतं, पाणी मिळतं, लपता येतं, पिल्लं वाढवता येतात, तो सगळा टापू. पुस्तकात त्याला अधिवास म्हणतात. पाच वर्षांच्या मुलाला हा शब्द नका देऊ. त्याला बाहेर न्या.

सकाळच्या शाळेचे दिवस होते, ऊन तापायला लागलेलं. शाळेमागच्या मुरमाड जागेत टिटवीनं अंडी घातली होती. पहिलीची मुलं मी वीस पावलांवर बसवली आणि बोटानं जागा दाखवली. कुणालाच काही दिसेना. चार अंडी, मातकट रंगाची, काळे ठिपके असलेली, टोकं आत वळवून ठेवलेली. भोवती तसलेच खडे. ना काडी, ना कापूस. एक मुलगी हळहळली, "बाई, तिला घरच नाही."

आम्ही बसून राहिलो. थोड्या वेळानं टिटवी उठली, हापशीखालच्या डबक्यात गेली, पोटाची पिसं भिजवली आणि ओल्या पोटानं येऊन अंड्यांवर बसली. उन्हात अंडी तापू नयेत म्हणून टिटव्या असं करतात. तीच मुलगी म्हणाली, "माझी आई पण बाळाच्या झोळीवर ओलं फडकं टाकती." आणि जरा थांबून, "मग हापशी पण तिच्या घरातच येती का?"

येते की! अधिवासाचा अख्खा धडा त्या पोरीनं एका प्रश्नात शिकवला. मात्र जवळ जायचं नाही, अंड्याला हात लावायचा नाही, आणि टिटवी ओरडत डोक्यावर घिरट्या घालायला लागली की निमूट मागं फिरायचं, हेही त्याच तासाला शिकवायचं.

आता मला खरं टोचतं ते सांगते. प्राणी कुठं राहतात म्हटलं की आपली मुलं जंगल काढतात. दाट झाडं, खाली सिंह, शेजारी हरीण. सिंह भारतात फक्त गुजरातेत, गीरच्या परिसरात उरलाय. आणि आपल्या दारात जे आहे ते चित्रात येतच नाही. नान्नज इथून किती लांब? तिथं माळढोकासाठी 1979 साली अभयारण्य झालं. माळढोक बहुतेकदा एकच अंडं घालतो, तेही उघड्या जमिनीवर. काळविटाची सारी भिस्त नजरेवर आणि पायांवर, लांडगा दुरूनच दिसायला त्याला मोकळा माळच हवा. खोकड, चंडोल, धाविक, सगळी गवताची लेकरं.

या माळाला आपण "पडीक" म्हणतो आणि पावसाळ्यात मुलांना घेऊन तिथं खड्डे खणतो. झाडं लावावीत, जरूर लावावीत, शाळेच्या आवारात, रस्त्याकडेला, बांधावर. गवताच्या माळावर नकोत. तिथं दाटी झाली की गवत जातं, आणि गवताबरोबर ज्यांचं घर तिथं आहे तेही जातात. माळढोक आज नान्नजला दिसणंही फार दुर्मीळ झालंय. शेती वाढली, माळ तुटत गेला, विजेच्या तारा आल्या. समोरचं त्याला नीट दिसत नाही, तो तारांवर आदळतो. एवढं सगळं पहिलीला सांगायची गरज नाही. चौथीला सांगा.

लहानांकडून या आठवड्यात माळाचं चित्र काढून घ्या. हिरवा खडू कमी लागेल, पिवळा आणि तांबूस जास्त. झाड नाही म्हणून कुणाचं चित्र परत करू नका. आणि एखाद्यानं खड्यांत चार ठिपके काढले असतील, तर ते काय आहे हे त्याला विचारा.