चार भावांची गादी, एकाचं तख्त

सन १६२६. मुकदेन, म्हणजे आजचं शेनयांग. जुर्चेन लोकांचा खान नुरहाची वारला आहे आणि त्याचा आठवा मुलगा हुंग ताइजी खान झाला आहे. पण दरबारात तो एकटा बसत नाही. त्याच्या बरोबरीनं बसतात सावत्र भाऊ दाइशान आणि मांगुल्ताइ, आणि चुलतभाऊ अमिन. कारभारही महिन्याच्या पाळीनं चालतो. एकाच्याच हाती सगळी सत्ता जाऊ नये, ही नुरहाचीचीच इच्छा होती.

हुंग ताइजी वाट पाहतो.

१६३० साली अमिन जिंकलेली चिनी शहरं सोडून परततो, तीही रहिवाशांची कत्तल करून. खानाला कारण मिळतं आणि अमिन कैदेत जातो. पुढच्याच वर्षी मांगुल्ताइ भर वादात खानासमोर तलवारीला हात घालतो. त्याचा दर्जा घसरतो. उरला दाइशान. तो मुकाट्यानं बाजूला सरतो. १६३२च्या नववर्षाला दरबारात उच्चासनावर एकच माणूस बसतो.

बापाला निंगयुआन शहराच्या तटावरच्या, चीनवर राज्य करणाऱ्या मिंग घराण्याच्या तोफांनी रोखलं होतं. मुलानं १६३१ मध्ये पकडलेल्या चिनी कारागिरांकडून तशाच तोफा ओतवून घेतल्या. त्याच वर्षी दालिंगहेला वेढा पडला. आत अन्न संपलं, माणसं माणसांचं मांस खाऊ लागली, आणि किल्ल्यानं शरणागती पत्करली. शरण आलेल्या चिनी सरदारांना मात्र तो मारत नाही, पदं देतो. तोफांपेक्षा हेच शस्त्र मिंगांना महागात पडलं, असं म्हणायला हरकत नाही.

१६३५ मध्ये तो आपल्या जुर्चेन लोकांना ‘मांचू’ हे नाव देतो. १६३६ मध्ये राज्याचं नाव छिंग होतं आणि तो सम्राट. राज्यारोहणाला आलेले कोरियाचे दूत मात्र त्याच्यापुढे वाकायला तयार नाहीत! त्याच हिवाळ्यात फौजा कोरियात घुसतात. १६३७ मध्ये राजा इन्जो डोंगरी किल्ल्यातून खाली उतरतो, तीनदा गुडघे टेकतो आणि नऊ वेळा कपाळ जमिनीला लावतो. या विजयाचा शिलालेख मांचू, मंगोल आणि चिनी अशा तीन भाषांत आहे. तो आजही सोलमध्ये उभा आहे.

मिंगांची राजधानी बीजिंग मात्र त्याच्या हाती लागली नाही. सप्टेंबर १६४३ मध्ये तो अचानक गेला, वारस न नेमता. थोरला मुलगा होगे आणि सावत्र भाऊ दोर्गोन, दोघांचाही गादीवर दावा. तडजोड म्हणून हुंग ताइजीचाच पाच वर्षांचा मुलगा फुलिन गादीवर बसला. नऊ महिन्यांत दोर्गोन बीजिंगमध्ये शिरला, आणि छिंग घराण्यानं तिथून १९१२ पर्यंत राज्य केलं.