रोजचं एक पान

(दृश्य : जुना कृष्णधवल ग्रुप फोटो. कॅमेरा पुढच्या रांगेवरून हळूहळू मागे सरकतो.)

ग्रुप फोटो काढायचा म्हणजे आधी ऑफिसातल्या खुर्च्या पटांगणात यायच्या. मधली खुर्ची हेडमास्तरांची. डोक्याला पगडी, गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट, खांद्यावर उपरणं. दोन्ही बाजूंना मास्तर, ज्येष्ठतेप्रमाणे. काही मुलं बाकांवर उभी, काही पुढे सतरंजीवर मांडी घालून. पायाशी बॅट, एखादा चषक आणि पाटीवर खडूनं लिहिलेलं साल. फोटोग्राफर काळ्या कापडात डोकं घालून 'हलू नका' म्हणणार, आणि तरी एक कुणीतरी हलणारच. शंभर वर्षांनी त्याचा चेहरा धुरकट दिसतो. खरं सांगायचं तर सगळ्या फोटोत जिवंत वाटतो तो तेवढाच.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या मराठी हायस्कुलात मुलं अभ्यासाशिवाय काय करत, असं विचारलं की असे फोटो समोर येतात. क्रिकेटची टीम. वक्तृत्व मंडळ. गॅदरिंगमधल्या नाटकाची पात्रं, मिशा रंगवलेली. आज आपण ज्या उपक्रमाकडे जाणार आहोत, त्याचा फोटो काढावा असं त्यात काही नव्हतं. तो होता हातानं लिहिलेला कागद. आज एक, उद्या दुसरा.

(दृश्य : अमळनेर स्टेशनची पाटी. बोरी नदीचं पात्र.)

त्यासाठी अमळनेरला यायचं आहे. पण जरा वळसा घालून. कारण तो कागद १९२४ नंतरचा, आणि त्याआधीची पंचवीस वर्षं समजल्याशिवाय त्याचं वेगळेपण कळत नाही.

तेव्हाची शाळा कशी होती? गावात मराठी चौथी झाली की 'इंग्रजी पहिली'. तिथून इंग्रजी सातवीपर्यंत, म्हणजे मॅट्रिकपर्यंत. वरच्या वर्गांत गणित, इतिहास, भूगोल, बहुतेक सगळं इंग्रजीतून. परीक्षा मुंबई विद्यापीठाची. ती पास झाला तर कारकुनीची खुर्ची, नापास झाला तर घरच्यांची तोंडं. अशा शाळेत खेळाला आणि भाषणाला जागा मिळाली ती इंग्रजी शाळांचं पाहून, आणि थोडी आपल्याकडच्या तालमींमुळे, मेळ्यांमुळे. पुण्यात १८८० साली चिपळूणकर, टिळक प्रभृतींनी न्यू इंग्लिश स्कूल काढलं. तेव्हापासून खाजगी शाळांचं पेव फुटलं, आणि प्रत्येक शाळेला आपण सरकारी शाळेपेक्षा कमी नाही हे दाखवायचं होतं. मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीलाच आंतरशालेय क्रिकेटची हॅरिस शील्ड सुरू झाली होती. मुलींचं हायस्कूल म्हणावं तर पुण्याची हुजूरपागा, १८८४ ची. पण अशा शाळा बोटांवर मोजण्याइतक्याच. बहुतेक गावांत हायस्कूल म्हणजे मुलग्यांचंच.

वर्षाचा मोठा सोहळा गॅदरिंगचा. अध्यक्षपदी कलेक्टर, नाहीतर एखादे संस्थानिक, नाहीतर निवृत्त सबजज्ज. एक प्रवेश शेक्सपिअरचा, एक संस्कृत नाटकाचा. बक्षिसाला जाडजूड इंग्रजी पुस्तकं, जी घेणाऱ्यानं पुढे कधी उघडली असतील असं वाटत नाही. मग फराळ किंवा जेवण, आणि पंगतीत कुणी कुठे बसायचं याचा न बोलता पाळलेला नियम. वक्तृत्वाचे विषय ठरलेले. लेखणी श्रेष्ठ की तलवार? यात लेखणी जिंकणार हे आधीच माहीत, कारण परीक्षक मास्तर असायचे.

तलवारीची बाजू घेणारी मुलं शाळेबाहेर जमायची.

(दृश्य : नाशिक. तिळभांडेश्वर गल्ली.)

नाशिकचं शिवाजी हायस्कूल. तिथला एक विद्यार्थी, विनायक दामोदर सावरकर. मॅट्रिक व्हायच्या आधीच, १९०० साली, त्यानं आणि सोबत्यांनी 'मित्रमेळा' काढला. बाहेरून पाहाल तर अगदी शाळकरी मंडळ. गणेशोत्सव, शिवजयंती, भाषणं, निबंध, वाचन. मेळ्याला पदं हवीत तर कवी गोविंद लिहून द्यायला तयार. आतून मात्र वेगळाच प्रकार. चारच वर्षांत, १९०४ मध्ये, या मित्रमेळ्याची 'अभिनव भारत' ही क्रांतिकारक संघटना झाली. शाळेच्या वक्तृत्व मंडळात आणि या मेळ्यात फरक काय? भाषण दोन्हीकडे करायचं. पण इथे टाळ्या वाजवायला सबजज्ज नव्हते, आणि पुढच्या बैठकीला परत यायचं होतं.

सरकारच्या हे ध्यानात यायला वेळ लागला नाही. मे १९०७. हिंदुस्थान सरकारचे सेक्रेटरी हर्बर्ट रिस्ले यांच्या नावानं ओळखलं जाणारं परिपत्रक निघालं. विद्यार्थ्यांनी राजकीय चळवळीत पडायचं नाही. शाळेनं त्यांना आवरलं नाही तर ग्रँट जाईल, शिष्यवृत्तीच्या परीक्षेचा हक्क जाईल, विद्यापीठाची मान्यतासुद्धा जाईल. खाजगी शाळेचा जीव ग्रँटमध्ये. हेडमास्तर एका रात्रीत सावध झाले. कालपर्यंत शिवाजीवर निबंध लिही म्हणणारे मास्तर, आज तो निबंध कुठे ठेवलास ते विचारू लागले असतील.

त्याच सुमाराला नागपूरच्या नील सिटी हायस्कुलात इन्स्पेक्टर तपासणीला आले, आणि मुलांनी त्यांचं स्वागत 'वंदे मातरम्'नं केलं. त्यात पुढाकार घेणाऱ्या केशव हेडगेवारांना शाळा सोडावी लागली. पुण्याजवळ तळेगावला प्राध्यापक विष्णु गोविंद विजापूरकरांचं समर्थ विद्यालय होतं. सरकारी साच्याबाहेरचं, राष्ट्रीय शिक्षण देणारं. नाशिकला १९०९ च्या डिसेंबरात कलेक्टर जॅक्सनचा वध झाला आणि सरकारनं मूठ आणखी आवळली. १९१० मध्ये समर्थ विद्यालय बंद पाडण्यात आलं.

(दृश्य : वर्गातला रिकामा फळा.)

१९०७ चं आणखी एक पान इथंच उलटून पाहू, कारण 'विद्यार्थ्यांचे उपक्रम' म्हणताना विद्यार्थी कोण, हे आपण गृहीत धरून चालतो. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून त्या वर्षी भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले. शाळा सरकारी, मुंबईतली, नावाजलेली. तिथे फळ्याच्या मागे मुलं आपले जेवणाचे डबे ठेवत. मास्तरांनी भीमरावांना गणित सोडवायला फळ्याशी बोलावलं, आणि मुलं धावली. आधी डबे हलवले, मग गणित. संस्कृत शिकायची इच्छा असून त्यांना पर्शियन घ्यावं लागलं. त्यांच्या मॅट्रिकचा सत्कार झाला तो वस्तीतल्या लोकांनी भरवलेल्या सभेत. अध्यक्ष सी. के. बोले. भीमरावांना पुस्तक भेट दिलं ते कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी, स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र. केळुसकर विल्सन हायस्कुलातले शिक्षक. म्हणजे या मुलाची दखल घेणारे गुरुजी दुसऱ्याच शाळेचे. हा मुलगा बागेत बसून वाचत असताना केळुसकरांनी त्याला हेरलं होतं.

ग्रुप फोटोत कोण नाही, तेही कधीतरी पाहावं.

(दृश्य : अमळनेर. प्रताप मिलचा परिसर, मग शाळेची इमारत.)

आता अमळनेर. पूर्व खानदेशातलं बोरीकाठचं गाव. सखाराम महाराजांची वैशाखातली यात्रा नदीच्या पात्रात भरते, ते. इथे १९०६ साली प्रताप मिल उभी राहिली. मिलचे मालक श्रीमंत प्रतापशेठ यांना कापडाइतकीच शाळेची आणि तत्त्वज्ञानाची आवड. त्यांच्या आश्रयानं १९१६ मध्ये इथे तत्त्वज्ञान मंदिर सुरू झालं. मिलचा भोंगा आणि शंकराचार्यांचा अद्वैतवाद एकाच गावात! त्या तत्त्वज्ञान मंदिरात एक कोकणी तरुण अभ्यासाला आला. पालगडचा, गरिबीतून शिकलेला, बोलायला भिडस्त. तत्त्वज्ञानात त्याचं मन रमेना. १९२४ साली तो गावातल्याच हायस्कुलात शिक्षक झाला. पांडुरंग सदाशिव साने.

महाराष्ट्र त्यांना गुरुजी म्हणतो, पण हायस्कुलात ते साने सर. वर्गाबरोबर त्यांच्याकडे छात्रालयही आलं.

छात्रालय म्हणजे आसपासच्या खेड्यांतून आलेली पोरं. घरी अहिराणी, वर्गात पुस्तकी मराठी, पुस्तकात इंग्रजी. दहाअकरा वर्षांचं पोर, पहिल्यांदाच आईपासून दूर. पत्र्याची ट्रंक, वळकटी, घरून आलेला शेवलाडवांचा डबा आणि तो किती दिवस पुरवायचा याची काळजी. संध्याकाळ झाली की असल्या मुलांना घर आठवतं. छात्रालयाचा सुपरिंटेंडेंट म्हणजे तेव्हा छडी आणि हजेरीपट. साने सरांनी वेगळंच केलं. मुलं वर्गात गेली की ते खोल्यांतून फिरत. कुणाचं अंथरूण विस्कटलेलं, ते घडी करून ठेवत. कुणाचे कपडे मळलेले, ते धुऊन वाळत घालत. आजारी मुलाच्या उशाशी रात्र काढत. बोलत काहीच नसत. परत आलेल्या मुलाला आपली जागा आवरलेली दिसायची, आणि ओशाळल्यासारखं व्हायचं. छडीपेक्षा हे फार अवघड. मार खाल्ला की हिशेब फिटतो, इथे तो फिटतच नाही.

(दृश्य : कंदिलाच्या उजेडात टाक, दौत, कागद. लिहिणारा हात.)

आणि मग तो कागद. 'छात्रालय दैनिक'.

शाळाशाळांतून हस्तलिखितं तेव्हाही निघत. वार्षिक, फार तर तिमाही. एकच प्रत, सुबक अक्षर असलेला मुलगा लिहायला, चित्रं काढता येणारा मुखपृष्ठाला, आणि संपादकीयात 'आमचा हा अल्पसा प्रयत्न'. गॅदरिंगच्या दिवशी ते टेबलावर मांडायचं. पाहुणे पानं उलटत, 'वा' म्हणत. नंतर ते कपाटात, आणि कपाटाची किल्ली शिपायाकडे.

साने सरांचं मासिक नव्हतं, साप्ताहिक नव्हतं. दैनिक! शाळा शिकवून, वह्या तपासून, मुलांचं सगळं बघून रोज लिहायचं. स्वतःच्या हातानं. वाचक किती? छात्रालयात जेवढी मुलं तेवढे. त्यात थोरांच्या गोष्टी, कविता, देशात नि जगात काय चाललंय ते, आणि छात्रालयात घडलेलं काहीबाही. मुलांच्या दृष्टीनं मोठी बातमी ही शेवटचीच असणार. काल आपण जे केलं ते आज लिहून आलंय का, हे पाहायला कोण धावणार नाही? त्या शाळेत ज्ञान इंग्रजीतून यायचं, घोकून घ्यायचं आणि परीक्षेत उतरवून मोकळं व्हायचं. इथे तेच जग साध्या मराठीत, ओळखीच्या हस्ताक्षरात, रोज सकाळी समोर. ना परीक्षा, ना बक्षीस.

लेखक म्हणून साने गुरुजींवर भाबडेपणाचा शिक्का बसलाय, आणि काही पानांवर तो खराही आहे. पण हे काम भाबड्या माणसाचं नाही. रोज एक पान भरायचं म्हणजे रोज वाचायचं, रोज निवडायचं, आणि समोरच्या बारा वर्षांच्या मुलाला कळेल इतकं सोपं करायचं. वर्तमानपत्राच्या कचेरीत काम केलेल्या कुणालाही विचारा. नेम मोडायला एक दिवस पुरतो.

१९२८ साली याच्या पुढचं पाऊल पडलं. 'विद्यार्थी' नावाचं मासिक त्यांनी सुरू केलं. आता वाचक छात्रालयाबाहेरचेही. खादी, स्वातंत्र्य, सेवा हे शब्द त्यात उघड येऊ लागले. रिस्लेंच्या परिपत्रकाला तेव्हा एकवीस वर्षं झाली होती.

(दृश्य : रिकामा वर्ग. बाहेरून घोषणांचा लांबचा आवाज.)

१९३०. मिठाचा सत्याग्रह सुरू झाला. साने सरांनी राजीनामा दिला आणि सहा वर्षांची नोकरी सोडून ते चळवळीत उतरले. सभा घेत खानदेशभर फिरले, पकडले गेले. रवानगी धुळ्याच्या तुरुंगात. अमळनेरपासून धुळं काही फार लांब नाही.

दोन वर्षांनी, १९३२ मध्ये, ते पुन्हा धुळ्याच्या तुरुंगात होते. त्या वेळी विनोबा भावेही तिथेच. कैद्यांनी आग्रह केला, आणि विनोबा दर रविवारी गीतेवर बोलू लागले. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, अठरा रविवार, अठरा अध्याय. विनोबांपुढे कागद नसायचा, आणि ते थांबून थांबून सांगणारे वक्ते नव्हते. बोलणं चालू असताना ते जवळजवळ शब्दशः उतरवून घेणारं कुणीतरी हवं होतं. भराभर लिहिणारं, अर्थ न सोडणारं, कंटाळा न करणारं.

साने सर कागद घेऊन पुढे बसले.

(दृश्य : लिहिणारा हात. पडदा काळा.)